सुट्टीची चळत: वाचायला कोणती पुस्तकं न्यावीत?

पहिल्या मोठ्या सुट्टीला निघताना मी सात पुस्तकं नेली होती. सातही कादंबऱ्या, सातही जाडजूड, सातही ‘कधीतरी वाचायलाच हवी’ या यादीतल्या. परत आलो तेव्हा त्यांतली एक अर्धी वाचून झाली होती आणि बाकीच्या सहांचा फक्त हवापालट झाला होता. गंमत म्हणजे त्या आठ दिवसांत मी वाचलं भरपूर. मुक्कामाच्या खोलीत कुणीतरी सोडून गेलेलं जुनं मासिक, सोबत्याच्या पिशवीतला रहस्यकथांचा संग्रह, आणि औषधाच्या खोक्यातला कागद, तोही दोनदा. वाचायची इच्छा होती, वेळही होता. पण माझ्याकडची पुस्तकं त्या वेळेची नव्हती.

तेव्हापासून मी पुस्तक निवडताना ते चांगलं आहे का, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, हे दिवसाच्या कुठल्या वेळी हातात घेईन? खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नातून निघाल्या आहेत. सुट्टीसाठी पहिल्यांदाच विचार करून पुस्तकं निवडणार असाल तर निघायच्या दोनेक आठवडे आधी सुरुवात करा. आदल्या रात्री कपाटापुढे उभं राहून केलेली निवड बहुतेक वेळा अपराधी भावनेतून होते.

आधी तास मोजा

सुट्टी आठ दिवसांची म्हटली की डोळ्यांसमोर आठ रिकामे दिवस उभे राहतात. प्रत्यक्षात त्यातले दोन प्रवासात जातात, तीन-चार हिंडण्यात, आणि उरलेल्यांवर सोबतच्या माणसांचा हक्क असतो. म्हणून दिवस सोडा, तास मोजा. कागद घ्या आणि वाचायला मिळू शकतील अशा वेळा लिहून काढा. गाडीत किंवा विमानात, कुठेतरी ताटकळताना, दुपारी आडवं झाल्यावर, रात्री दिवा मालवण्याआधी. लवकर जाग येत असेल तर पहाटेही. (ही माझी सर्वांत लाडकी वेळ. सुट्टीत पहाटे पाच ते सात तुम्हाला कुणीही काहीही विचारत नाही.)

प्रत्येक वेळेपुढे दोन गोष्टी लिहा: किती मिनिटं, आणि सलग की तुटक. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सलग मिळालेला एक तास आणि दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे यांची बेरीज सारखी असली तरी त्या दोन वेळांत एकच पुस्तक वाचता येत नाही. तुटक वेळेत कादंबरी वाचायला घेतली की दर वेळी दोन पानं मागे जावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी ती कादंबरी कंटाळवाणी आहे असं आपण ठरवून टाकतो. बिचारीचा काही दोष नसतो.

मग स्वतःचा वेग मोजा. २०१९ साली मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने १९० अभ्यासांची गोळाबेरीज करून इंग्रजीतल्या मूकवाचनाचा सरासरी वेग काढला. ललित मजकूर मिनिटाला २६० शब्द, ललितेतर २३८. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘घरातल्यांसाठी’ हा एक शब्द इंग्रजीत सांगायला चार-पाच लागतील. त्यापेक्षा शब्दांच्या भानगडीत न पडता पानं मोजा. नेणार असाल त्या धाटणीचं एखादं पुस्तक घ्या, घड्याळ लावा, वीस मिनिटं नेहमीसारखं वाचा. शर्यत लावल्यासारखं वाचलंत तर आकडा खोटा येईल.

समजा बारा पानं झाली. म्हणजे तासाला छत्तीस. आठ दिवस रोज सव्वा तास मिळाला तर दहा तास, जाता-येता प्रवासातले दोन, एकूण बारा. बारा गुणिले छत्तीस, ४३२ पानं. म्हणजे दोन मध्यम पुस्तकं, किंवा एक जाड आणि एक बारीक. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा जरा ओशाळलोच होतो.

पण मोजून ४३२ पानं न्यायची नाहीत. तिथे गेल्यावर एखादं पुस्तक नकोसं होणार, हे गृहीत धरा आणि दीडपट ते दुप्पट पानं न्या. या उदाहरणात साडेसहाशे ते साडेआठशे. ती दोन ठोकळ्यांत न नेता चार-पाच पुस्तकांत वाटून न्यायची.

‘वेगवेगळी’ म्हणजे काय वेगळं?

इथे बहुतेक नवशिके फसतात, म्हणून जरा थांबतो. विविधता म्हटलं की आपण प्रकार मोजतो. एक ऐतिहासिक, एक सामाजिक, एक रहस्यमय, झालं वैविध्य. पण त्या तिन्ही चारशे पानी कादंबऱ्या असतील, तिन्हींत पहिली साठ पानं माणसांची ओळख करून देण्यात जात असतील, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते एकच पुस्तक तीन वेळा नेलेलं आहे. थकल्या संध्याकाळी तिन्ही सारखीच नकोशी वाटतील.

मी चार गोष्टी तपासतो. पहिली, थांबे. पुस्तक कुठे खाली ठेवता येतं? तीन पानांवर, वीस पानांवर, की ठेवताच येत नाही? दुसरी, ते किती लक्ष मागतं. पाठीमागे वंशावळ छापलेली असेल किंवा पहिल्या प्रकरणातच अकरा माणसं येत असतील, तर ते पुस्तक गोंगाटात वाचायचं नाही, हे तिथेच ठरलं. तिसरी गोष्ट सूर, म्हणजे पुस्तक मिटल्यावर मन कसं राहतं. चौथी, ओळख. त्यातलं जग, भाषा, लेखक आपल्या परिचयाचे की साफ नवे?

सुराबद्दल एक इशारा. पुस्तकाच्या जाडीवरून त्याच्या भाराचा अंदाज बांधू नका. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ १९३९ सालचं, बारीक चणीचं, आणि सगळं घडतं बोटीवर. प्रवासात वाचायला आणखी काय हवं, असं वाटेल. पण ती बोट युरोपातून परागंदा झालेल्या ज्यूंना घेऊन निघाली आहे, आणि वाचून झाल्यावर पुढचे काही तास तरी माणूस कुणाशी धड बोलत नाही. मोठीच कादंबरी आहे, जरूर वाचावी. फक्त सगळे मिळून फिरायला निघणार असतील त्या सकाळी संपवू नये.

उलट, सातशे पानांचा विनोदी लेखांचा संग्रह रोज चार पानं वाचून हातावेगळा होतो आणि त्याचं ओझं जाणवत नाही. ते फक्त पिशवीला जाणवतं.

चळतीतल्या पुस्तकांपुढे या चार गोष्टी एका ओळीत लिहून काढा. दोन पुस्तकांचे चारही शेरे सारखे आले तर त्यातलं एक परत कपाटात. इतकं पुरेसं आहे. यापुढे तक्ते करायला लागलात तर वाचायला वेळ उरणार नाही.

मिश्र चळतीची कल्पना काही नवी नाही. पेंग्विनने १९३५ साली आपली पहिली दहा स्वस्त कागदी बांधणीची पुस्तकं एकदम बाजारात आणली, तेव्हा वाचकाला लांबूनच कळावं म्हणून वेष्टनांना रंग दिले होते. कथात्मक साहित्याला नारिंगी, गुन्हेकथांना हिरवा, चरित्र-आत्मकथनांना निळा. दहांत नारिंगी सहा, हिरवी दोन, निळी दोन. आजही कुणी डोळे झाकून प्रमाण विचारलं तर मी हेच सांगेन.

कुठल्या वेळेला कुठलं

सलग वेळेसाठी एक मुख्य पुस्तक. ही बहुधा कादंबरी, किंवा एखादं भरगच्च चरित्र. सुट्टीत आपण जे खरोखर ‘वाचतो’ आणि वर्षभर लक्षात ठेवतो ते हे. एकच घ्या. दोन मोठ्या कादंबऱ्या बरोबर नेल्या की पहिलीत जरा चढ लागला की मन दुसरीकडे पळतं, आणि शेवटी दोन्ही अर्ध्या राहतात. मुख्य पुस्तक निवडताना स्वतःशी प्रामाणिक राहा. दोन वर्षं कपाटात न उघडलेलं पुस्तक केवळ गाव बदलल्यामुळे उघडलं जाईल, असं सहसा होत नाही. ज्या पुस्तकाकडे तुमचा हात आताच जातोय आणि वेळ नाही म्हणून तुम्ही तो मागे घेताय, ते न्या.

तुटक वेळेसाठी तुकड्यांचं पुस्तक. माझ्या मते चळतीतलं सर्वांत कामाचं पुस्तक हेच, आणि नवा वाचक नेमकं तेच विसरतो. मराठीत या बाबतीत चंगळ आहे. ललितलेख, व्यक्तिचित्रं, कथासंग्रह, पत्रसंग्रह, सदरांची पुस्तकं. त्यांतही फरक ओळखा. वर्तमानपत्री सदरातला लेख दोन-तीन पानांचा असतो, तो रांगेत उभ्यानेही होतो. व्यक्तिचित्राला आठ-दहा पानं लागतात, म्हणजे एका दमात एक माणूस पुरा भेटतो. कथा पंधरा-वीस पानांची. तिला अर्धा तास राखून ठेवावा, कारण मध्येच तोडलेली कथा पुन्हा जोडली जात नाही. आणि दीर्घकथा हा तर दुपारचा प्रकार. साठ-सत्तर पानं, दीड-दोन तास, एका बैठकीत सुरुवात-मध्य-शेवट. कादंबरीचं समाधान हवं पण आठवडा द्यायचा नाही, अशांनी दीर्घकथांचा संग्रह शोधावा.

कथासंग्रह सुरुवातीपासूनच वाचला पाहिजे असं काही नाही. अनुक्रमणिका पाहा, सर्वांत लहान कथा काढा, ती आधी वाचा. लेखकाशी सूर जुळतो का ते पंधरा मिनिटांत कळतं.

नाटकाचा विचार कुणी करत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. छापील नाटक शंभरेक पानांचं, संवादच संवाद, दोन तासांत संपणारं. अंकांचे थांबे आयते असतात. आणि सोबत तीन-चार माणसं असतील तर भूमिका वाटून मोठ्याने वाचता येतं. पावसाने अडकवून ठेवलेली एक संध्याकाळ आम्ही अशी काढली आहे. सर्वांत लाजऱ्या माणसाने खलनायक जोरात वठवला.

तिसरी जागा खऱ्या जगाच्या पुस्तकाला: आत्मकथन, प्रवासवर्णन, इतिहास, विज्ञान, निसर्ग. कल्पित गोष्टींचा कंटाळा येतो, आणि तो अचानक येतो. तेव्हा खरं घडलेलं काहीतरी हाताशी असावं. ललितेतर म्हणजे रूक्ष, अशी भीती असेल तर विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ पाहा. दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक थेट बंडाच्या धामधुमीत सापडला. त्याने मागाहून लिहिलेली हकिगत १९०७ साली छापून आली. कुठल्याही साहसकथेला हार जाणार नाही असा मजकूर आहे, आणि तो अनुभवलेला आहे.

ज्या ठिकाणी जातोय तिथलंच पुस्तक न्यावं का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर जरा उलटं आहे. त्या जागेचा इतिहास जाण्याआधी वाचा, तिथली कादंबरी आल्यावर वाचा. आधी वाचलेल्या इतिहासामुळे बघताना डोळे उघडे राहतात. आणि नंतर कादंबरीत रस्त्याचं नाव आलं की तो रस्ता आपल्याला दिसतो. तिथे असताना मात्र मी दुसरंच काहीतरी वाचतो. समुद्रकाठी बसून समुद्रावरचं पुस्तक वाचायचं, तर समोरचा कधी बघायचा?

चौथी जागा आधी वाचलेल्या पुस्तकाची. नवख्यांना हे उधळपट्टीसारखं वाटतं, इतक्या कमी जागेत वाचलेलंच पुस्तक कशाला? पण परक्या खोलीत झोप लागत नसते, दिवस दमवून गेलेला असतो, तेव्हा डोकं नवी माणसं ओळखून घ्यायला तयार नसतं. ओळखीचं पुस्तक कुठूनही उघडता येतं आणि कुठेही मिटता येतं. शेवट माहीत असल्यामुळे जागरण होत नाही. बारीकसं न्या.

आणि पाचवी, साफ अनोळखी पुस्तकाची. ज्या भाषेतलं कधी वाचलं नाही तिथला अनुवाद, कधी हात न लावलेला प्रकार, कविता वाचत नसाल तर कविता. हे पुस्तक शंभर-सव्वाशे पानांच्या आतलंच हवं. आवडलं नाही तर वाईट वाटू नये इतकं लहान. अनुवाद निवडताना लेखकाच्या नावाइतकंच अनुवादकाचं नाव पाहा आणि मधली दोन पानं मोठ्याने वाचा. मूळ पुस्तक कितीही नावाजलेलं असो, मराठी वाक्य जिभेवर अडखळत असेल तर सगळी पानं अडखळत जावं लागेल.

रहस्यकथा कुठे बसवायची? कुठेही, पण तिचा एक धोका लक्षात ठेवा. ती एका रात्रीत संपते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपाळलेले आणि पुस्तकाविना असता. एकच रहस्यकादंबरी नेऊन ती पहिल्याच रात्री काढू नका.

पाचही जागा भरल्याच पाहिजेत असं नाही. चार दिवसांची सुट्टी असेल तर मुख्य पुस्तक आणि तुकड्यांचं पुस्तक, बास.

पुस्तकं शोधताना

ओळखीच्या वाचणाऱ्या माणसाला ‘एखादं चांगलं पुस्तक सांग’ असं म्हटलंत की तो तुम्हाला महत्त्वाचं पुस्तक सांगेल. सांगणाऱ्याची अब्रू त्यात अडकलेली असते. त्याऐवजी विचारा, ‘अलीकडे कुठल्या पुस्तकापायी तुझी झोप गेली?’ किंवा, ‘कुठलं पुस्तक तू दुसऱ्यांदा वाचलंस?’ उत्तरं एकदम वेगळी येतात. ग्रंथपालाला विचारताना आपल्याला नुकतंच आवडलेलं एक आणि अर्ध्यात टाकलेलं एक, अशी दोन नावं सांगा. टाकलेल्या नावावरून चांगल्या ग्रंथपालाला जास्त कळतं.

एक सूचना स्वानुभवातून. दुसऱ्याची लाडकी प्रत प्रवासाला नेऊ नका. मी नेली होती. पाण्याची बाटली आणि ते पुस्तक एकाच पिशवीत ठेवलं होतं. पुढचं सांगत नाही, पण ती आवृत्ती आता मिळत नाही. वाचनालयाचं पुस्तक नेणार असाल तर परतीची तारीख सुट्टीनंतरची करून घ्या.

घेण्याआधी तीन ठिकाणी उघडा

मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक विकायला लिहिलेला असतो, त्यावर जाऊ नका. पहिलं पान वाचा, मग साधारण मधलं एक, मग दोन तृतीयांशाच्या आसपासचं. लेखकाने पहिल्या पानावर सगळी ताकद लावलेली असते. मधल्या पानावर तो रोजच्या कपड्यांत भेटतो. तिथेही वाक्य ओढून नेत असेल तर पुस्तक घ्या.

मग वस्तू म्हणून पाहा. अक्षर पुरेसं मोठं आहे का? मुक्कामाच्या खोल्यांतले दिवे वाचणाऱ्यांसाठी लावलेले नसतात. पुस्तक पूर्ण उघडून सपाट राहतं का? नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या जाड पुस्तकाला उन्हात ठेवलं आणि पाठ मोडेपर्यंत उघडलं की पानं सुटू लागतात. शिवलेली बांधणी असं करत नाही. जुनी प्रत असेल तर पृष्ठांक चाळून पाहा. पुस्तक छापताना सोळा पानांचा एक फर्मा असतो, आणि बांधणीत आख्खा फर्मा राहून गेलेल्या प्रती निघतात. पान ६४ नंतर थेट ८१ आलं, हे घरी कळलं तर प्रत बदलून मिळते. डोंगरमाथ्यावर कळलं तर त्या सोळा पानांत काय झालं असेल, याचा विचार करत बसायचं.

कागद, पडदा की कान?

वजनाचा अंदाज घरबसल्या येतो. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, ३०० पृष्ठांचं पुस्तक म्हणजे १५० कागद. नेहमीचा ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा) कागद धरला तर सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, वर वेष्टन. अशी पाच पुस्तकं नेली की पावणेदोन किलो होतात. स्वतःच्या पाठीवर सामान वाहणार असाल तर हा आकडा लहान नाही.

यावर पूर्वी डोकं लढवलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि ते संपल्यावरही काही काळ, १९४३ पासून १९४७ पर्यंत, अमेरिकी सैनिकांसाठी खास पुस्तकं छापली गेली. आडवी, पातळ कागदाची, गणवेशाच्या खिशात मावणारी, आणि कमी उजेडात ओळ चुकू नये म्हणून बहुतेकांत पानावर दोन रकाने. तेराशेहून अधिक शीर्षकं, बारा कोटींहून अधिक प्रती. त्यांत साहसकथा होत्या तसा विनोद होता, कविता होती, इतिहास आणि विज्ञानही होतं. खिसा लहान होता, तरी निवड एकसुरी नव्हती.

आता तो खिसा म्हणजे ई-वाचक, फक्त पुस्तकं वाचण्यासाठीचं हातात मावणारं यंत्र. ई-शाईच्या पडद्याला मुख्यतः पान बदलतानाच वीज लागते, त्यामुळे तो बरेच दिवस चालतो, आणि उन्हात कागदासारखाच दिसतो. फोनचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो, म्हणून उन्हात धुवट होतो. शिवाय फोनवर वाचताना दर पाच मिनिटांनी कुणीतरी दार वाजवतं. ई-वाचकावर नेताना दोन गोष्टी तपासा. पुस्तक ईपब स्वरूपात आहे की पीडीएफ? ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने बसतात. पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की असते, त्यामुळे सहा इंची पडद्यावर मराठी मात्रा-वेलांट्या मुंग्यांसारख्या दिसतात आणि मोठं करावं तर ओळ बाहेर जाते. आणि पुस्तक उतरवून घेतल्यावर इंटरनेट बंद करून ते एकदा उघडून बघा. नुसतं नाव दिसतंय आणि पुस्तक आत आलेलंच नाही, असं फार होतं.

चालत्या गाडीत वाचताना मळमळत असेल तर त्यात तुमचा दोष नाही. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण हलतोय, आणि पानावर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या भांडणात पोट ढवळतं. अशांनी रस्त्यावरच्या प्रवासासाठी ध्वनिपुस्तक ठेवावं आणि खिडकीबाहेर लांब बघत ऐकावं. बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण दीडशे शब्द धरला तर साठ हजार शब्दांचं पुस्तक ऐकायला सहा तास चाळीस मिनिटं लागतात. प्रवास तीन तासांचा असेल तर कथाच ऐका. आवाजाचा नमुना आधी ऐकून बघा. निवेदकाचा आवाज नकोसा वाटला तर लेखक काही करू शकत नाही.

मी स्वतः मुख्य पुस्तक कागदावर, तुकड्यांचं पुस्तकही कागदावर, आणि बाकी सगळं यंत्रात नेतो. यंत्र बिघडलं तरी अडत नाही.

दोघं मिळून जात असाल तर एकमेकांच्या चळती बघा. मुख्य पुस्तक ज्याचं त्याचं वेगळं, बाकीची सामाईक. तीन दिवसांनी अदलाबदल होते आणि निम्मं वजन घरी राहतं. मुलं असतील तर त्यांची पुस्तकं त्यांनाच निवडू द्या. तुमच्या निवडीतलं एक हळूच सोबत ठेवा, पण नाव काढू नका.

निघायच्या आधी

मुख्य पुस्तक घरीच सुरू करा. मला सापडलेली सर्वांत उपयोगी युक्ती ही आहे. कादंबरीतली पहिली चाळीस-पन्नास पानं जड असतात: कोण कुणाचा कोण, काळ कुठला, सांगतंय कोण. ही ओळख आपल्या खुर्चीत, आपल्या दिव्याखाली उरकून घ्या. मग गाडीत पुस्तक उघडलं की तुम्ही थेट गोष्टीत असता. आणि पन्नास पानांत काही जमलं नाही तर बदलायला कपाट शेजारीच असतं.

माणसं फार असतील तर वाचनखूण म्हणून जाड कागदाची पट्टी घ्या आणि तिच्यावर नावं लिहीत जा. तीन दिवस पुस्तक हातात आलं नाही तरी ही पट्टी वाचून परत आत शिरता येतं.

हाताशी राहणाऱ्या पिशवीत तुकड्यांचं पुस्तक ठेवा. मुख्य पुस्तक तिथे असलं तर उत्तम, पण पहिला मान तुकड्यांचा, कारण प्रवासाचा वेळ सलग दिसतो आणि तुटक निघतो. पुस्तकं एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. बाटलीपासून लांब.

तिथे गेल्यावर

पहिल्या दिवशी काही वाचून होणार नाही, हे मान्य करून टाका. डोकं अजून घरीच असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्य पुस्तक काढा.

एका वेळी दोन पुस्तकं चालू ठेवायला हरकत नाही, फक्त ती दोन जवळच्या स्वभावाची नसावीत. दोन कादंबऱ्या एकदम वाचायला घेतल्या की एकीतला काका दुसरीत शिरतो. कादंबरी आणि ललितलेख, किंवा कथा आणि इतिहास, हे सुखाने नांदतात.

पुस्तक जमत नसेल तर सोडून द्या. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा यासाठी एक नियम आहे. पन्नास पानं द्यायची. तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करायचं आणि तितकी पानं द्यायची. सत्तरीच्या वाचकाने तीस पानांत निकाल लावावा. सुट्टीत मी या नियमात आणखी सूट घेतो. दोनदा हातात घेऊन दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघत बसलो, तर ते पुस्तक पिशवीच्या तळाशी जातं. कदाचित पुस्तक बरोबर असेल आणि आठवडा चुकीचा. वाचनखूण मात्र तिथेच राहू द्यावी.

आणि तुकड्यांच्या पुस्तकातला एक लेख किंवा एक कथा न वाचता राखून ठेवा. परतीची गाडी उशिरा येते, फोनची बॅटरी संपलेली असते आणि बोलण्यासारखं सगळं बोलून झालेलं असतं, तेव्हा ती कथा लागते.